बारावं नाव

आमच्या घरात उर्दू वाचू शकणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते म्हणजे मी, ही गोष्ट गल्लीच्या बाहेर जाऊ द्यायची नव्हती. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, जालन्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारे अर्जीनवीस होते. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि सरकारला समजेल अशा उर्दूत लिहून द्यायची, हा त्यांचा धंदा. मूळ घर राजूरचं, शेतकऱ्याचं. पण पाटलाच्या पोराला सोबत म्हणून त्यांना उर्दू शाळेत बसवलं आणि पाटलाचं पोरगं नापास होऊन शेतीला लागलं, दादा मात्र शिकून बसले. चाळिशी उलटते न उलटते तोच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस ओळखायचे, रस्त्यानं नीट चालायचे, पण अक्षर दिसेना. मग त्यांनी युक्ती काढली. पक्षकाराची हकिकत ऐकून घ्यायची, "उद्या या, साफ लिवून ठिवतो" म्हणायचं, आणि घरी येऊन मला सगळं सांगायचं. मी लिहायचे, ते सही करायचे. सही त्यांना डोळे मिटूनही करता यायची, आणि खरं सांगायचं तर ते तशीच करत होते.

घर जुन्या जालन्यात, एका शेठजींच्या धान्याच्या वखारीवर. खाली दिवसभर पोती उतरायची आणि माप घेणारे हमाल एकाऐवजी 'लाभ' म्हणून मोजायला लागायचे, लाभ, दोन, तीन, चार, असं गाण्यासारखं. मला कितीतरी वर्षं एकाला लाभच म्हणतात असं वाटत होतं आणि शाळेत त्यापायी मार खाल्ला होता. ज्वारीची धूळ जिन्यानं वर चढायची, भाकरीच्या पिठात आणि धुतलेल्या लुगड्यांवर बसायची. माय तिला शिव्या द्यायची, शेठजींना द्यायची, आणि महिन्याला शेठाणीकडून पापड आले की दोघांनाही माफ करायची. आमच्याकडे रोजचं जेवण म्हणजे भाकरी, ठेचा आणि येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी. भिंतीपलीकडे हबीब मास्तरांचं घर होतं. तिथून आंबटसर वास आला की आज खिचडी आणि खट्टा आहे हे मला कळायचं आणि मी लिहायची लाकडी तख्ती उचलून निघायचे.

मास्तर सरकारी शाळेत शिकवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. दादांचे डोळे जायला लागले तेव्हा त्यांनीच सांगितलं, "मारोतीभाई, रडून राह्यलात कायको? पोरीला माझ्याकडं धाडा." तख्तीला मुलतानी माती लावायची, ती उन्हात वाळवायची, बोरूचं टोक तिरकं कापायचं, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. त्यांची बायको, जिला मी खाला म्हणजे मावशी म्हणायचे, मधूनमधून येऊन म्हणायची, "बस करो जी, बच्ची भुकी है," आणि मला ताटलीत खिचडी वाढायची. मायनं हे मान्य केलं होतं, फक्त घरी आल्यावर हातपाय धुवायचे एवढी अट होती. मी कधी धुवायचे, कधी नाही. मास्तर अर्थ सांगायचे नाहीत, तो काढायला लावायचे. एखादा शब्द अडला की म्हणायचे, "त्याच्या शेजाऱ्याला इचार." म्हणजे आजूबाजूचे शब्द वाच, अर्थ आपोआप सापडेल. आजही मला शब्द अडला की मी तसंच करते. पुढं जे सांगायचं आहे त्यात मी तसं केलं नाही, म्हणून हे आधी लिहून ठेवलं.

नंतर पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. आम्हाला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही, खूप झाला. त्याआधीचं वर्ष रजाकारांच्या भीतीत गेलं होतं. धावड्याहून माझा मामा बायकापोरांसकट आमच्याकडे येऊन तीन महिने राहिला होता आणि खालच्या दारावर थाप पडली की मामी पोराच्या तोंडावर हात ठेवायची. त्यामुळे तिरंगा लागला तेव्हा शेठजींनी पेढे वाटले, मी दोन घेतले. खालाकडेही नेऊन दिले. मास्तरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "चलो, आता सुकून मिळंल सगळ्यांला."

नवे अधिकारी बाहेरून आले. कोणी मद्रासकडचे, कोणी वऱ्हाडचे. हुशार माणसं होती, पण उर्दूचं अक्षर एकालाही येत नव्हतं, आणि कचेऱ्यांतल्या कपाटांत दुसरं काहीच नव्हतं. जुन्या उर्दू कारकुनांवर त्यांचा भरवसा नव्हता, निम्म्यांना घरी बसवलं होतं. मग कोणीतरी सांगितलं की बाहेर लिंबाखाली एक हिंदू अर्जीनवीस बसतो. झालं, दादांचं नशीब उघडलं. वऱ्हाडकडचे काळे नावाचे कारकून, फार टापटिपीचे, लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल पोऱ्याच्या डोक्यावर देऊन आमच्या जिन्यात यायचे. "मारोतराव, तर्जुमा शब्दाला शब्द हवा. नावं, हुद्दे जसेच्या तसे ठेवायचे. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. अर्थ काढायला साहेब आहेत." दादा मान हलवायचे. काळे गेले की रुमाल माझ्यापुढं. मूळ उर्दू डाव्या हाताला, कोरा कागद उजव्या, मराठीत उतरवायचं आणि खाली 'मुळाबरहुकूम खरा तर्जुमा' लिहून दादांच्या सहीला जागा सोडायची. दादांना पक्की नोकरी मिळेल असं काळे दोनदा बोलले होते. माझ्या अंगात तेव्हा जरा वारं भरलं होतं हे कबूल करते. सरकार वाचतं ते मी लिहिते, असं मनातल्या मनात म्हणायचे आणि वेणी मागं टाकायचे.

एका दुपारी रुमालातून एक पान निघालं. माय चुलीवर येसर भाजत होती, तिखट खाट उठला होता आणि मी शिंकत होते. दादा खाटेवर पडून ऐकत होते. मी मोठ्यानं वाचलं, "फेहरिस्त रजाकारान." म्हणजे रजाकारांची यादी. खाली पहिलंच नाव हबीब मास्तरांचं.

दादा उठून बसले. "किती नावं हायेत?"

"बारा."

"शेवटचं वाच."

मी वाचलं, "मारोती वल्द सखाराम, अर्जीनवीस."

दादा हसले. "आगं, ही तर माझ्याच हातची! पटकीच्या साथीची हाय ही."

मला आठवलं. चार वर्षांपूर्वी पटकी आली होती आणि मोहल्ल्यात रोज माणसं मरत होती. हबीब मास्तरांनी दहा-अकरा जणांना गोळा केलं, त्यात भिस्ती होता, शिंपी होता, टांगेवाला होता, हमाल होते, आणि एकटे हिंदू म्हणून दादा. हे लोक विहिरींत लाल दवा टाकायचे आणि कोणी हात लावत नव्हतं ती प्रेतं उचलायचे. दवा सरकारकडून मिळावी म्हणून नावांची यादी मागितली होती, ती दादांनी स्वतः लिहिली, तेव्हा त्यांना अक्षर दिसत होतं, आणि लिहिणाऱ्यानं आपलं नाव शेवटी घालावं तसं घातलं. रजा म्हणजे खुशी. आपल्या खुशीनं कामाला येतो तो रजाकार. तेव्हा त्या शब्दात भिण्यासारखं काही नव्हतं. पुढं तोच शब्द लावून लोक बंदुका घेऊन हिंडले आणि शब्द नासला. यादीवर पटकीचं नाव नव्हतं, लाल दवेचं नव्हतं. त्या आठवड्यात ते लिहायची कोणाला गरज वाटली नव्हती. शब्दाला शेजारी असा नव्हताच, माणसांच्या नावांखेरीज.

"दादा, या शब्दाचं काय करू? स्वयंसेवक लिहू?"

दादा विचारात पडले. "काळे काय म्हनला? शब्दाला शब्द. जसाच्या तसा ठिव. साहेब काय येडा हाय का? वाचंल तं बराबर समजंल."

"अन् तुमचं नाव?"

"माझं नाव राहू दे," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आता हे 'राहू दे' मराठी माणसाला समजावून सांगायला नको, तरी सांगते, कारण माझं सगळं आयुष्य त्यावर अडकलं आहे. चहा राहू दे म्हणजे नको. दिवा राहू दे म्हणजे विझवू नको. दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. भाषांतराचंच काम करत होते मी! उठवून विचारायचं होतं, "राहू दे म्हणजे ठेवू की काढू?" एक हाक मारायची होती. मी मारली नाही. गावात रोज कोणाला तरी नेत होते, निजामाचे हस्तक म्हणून हिंदूही नेल्याचं ऐकू येत होतं. मी घाबरले होते आणि मला जो अर्थ हवा होता तो मी घेतला. मराठी कागदावर अकरा नावं उतरवली. मग मूळ पानाकडे बघितलं. खालची कड वाळवीनं खाल्लेलीच होती. दादांच्या नावाच्या वर घडी घातली, घडीवर जीभ फिरवून ती ओली केली आणि हलक्या हातानं पट्टी फाडली. फाटलं असं वाटूच नये इतकं सफाईदार झालं. पट्टी चुलीत टाकली. माय येसर परतत होती, तिनं बघितलंही नाही.

सहाव्या दिवशी सकाळी पोलिसांची लॉरी आली. मास्तरांना शाळेतून, मुलांसमोरून नेलं. शिंप्याला मशीनवरून उठवलं. टांगेवाल्याच्या घरीही पोलीस गेले. तो तर त्याच पटकीत गेला होता, ज्यांची प्रेतं त्यानं वाहिली त्यांच्यामागोमाग. त्याच्या बायकोनं सांगितलं की तो चार वर्षांपूर्वी मेला. पोलीस म्हणाले, मेल्याचा दाखला दाखव. तिच्याकडे दाखला कुठला? तेव्हा तिच्या दिराला लॉरीत घातलं, आणि तीन दिवसांनी सोडलं. म्हणजे यादीत होते अकरा, त्यांतले जिवंत दहा नेले. आरोप काय, कलम कोणतं, पुढची तारीख कधी, हे कोणी सांगितलं नाही.

दुपारी खाला आली. नेहमी ती सरळ आत यायची, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिनं माझ्याकडेच बघितलं, कारण आमच्या घरात कागद कोण वाचतं हे तिला माहीत होतं.

"बेटी, सरकारी कागदां तू पढती ना? मास्टर का नाम आया था क्या कहीं? क्या लिखे थे उनके बारे में?"

"मला काही माहीत नाही, खाला. मी तसला कागद पाहिला नाही."

माझ्या तोंडून हे इतकं सहज गेलं की माझी मीच चकित झाले. खालानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "हौ, तुझे मालूम रहता तो बोलती थी," असं म्हणाली आणि दादांकडे वळली. "भाईसाब, एक अर्जी लिख देव."

दादांनी अर्ज सांगितला, मी लिहिला. इतका सुंदर अर्ज त्यांनी आयुष्यात सांगितला नसेल. पटकीची सगळी हकिकत त्यात होती. तो घेऊन ते कचेरीत गेले आणि तासाभरात तसाच घेऊन परत आले. काळ्यांनी हातात धरलासुद्धा नव्हता. या प्रकरणात अर्ज घेत नाहीत, ही माणसं खटल्यासाठी धरलेली नाहीत, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ठेवली आहेत, कारण सांगायला सरकार बांधलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. दादा घोंगडीवर बसून राहिले. "निजामाच्या राज्यात बी अर्ज घेत व्हते," ते म्हणाले. "फेकून द्यायचे खरं, पर घेत व्हते." पंचवीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं तो अर्ज कोणी घेईना, हे त्यांना समजतच नव्हतं. मला वाटलं आता हे थांबतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पटका बांधला. माय म्हणाली, "कुठं निघालात?"

"साहेबाकडं जाऊन राह्यलो. काळे मधी आला तं त्याला बी बाजूला सारतो."

"अन् तुम्हाला बी धरलं तं?"

"धरू दे. त्या यादीत माझं बी नाव हाय का न्हाई? बारावं. म्हनून तं पोरीला म्हनलो, माझं नाव राहू दे. मला वाटलं, साहेब वाचंल अन् इचारंल, का हो, ह्यो मारोती सखाराम रजाकार कसा झाला? मंग समदं उलगडंल. पर त्येच्या ध्यानातच आलं न्हाई बघ. आता मीच बोट ठिवून दाखवतो."

मी दाराची चौकट धरून उभी होते.  लाज कशी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कोणी रागावलं की येते ती लाज ठाऊक होती. ही वेगळीच होती, कोणी रागावलं नसताना आलेली.

"दादा, ते नाव नाही तिथं."

"न्हाई म्हंजी?"

"मी काढलं. तुम्ही राहू दे म्हणालात ना. मला वाटलं नको म्हणताय."

"तर्जुम्यात न्हाई लिवलं? असू दे. मुळात तं हाय."

"मुळातलं फाडलं. जाळलं."

त्यांच्या एका पायात जोडा होता, एक हातात होता.  मायनं तोंडाला पदर लावला. सरकारी कागद फाडला तर काय होतं हे जालन्यात दादांइतकं कोणाला ठाऊक नसेल. आणि कागद फाडणारी त्यांची मुलगी होती, आणि तर्जुमा खरा असल्याची सही त्यांची होती. आता साहेबापुढं बोट ठेवायला कागदावर काही नव्हतं. नुसतं तोंडानं सांगायचं, तर मग ते नाव गेलं कुठं, हे सांगावं लागलं असतं.

"कोनाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

खालून हमालांचं मोजणं चालू होतं. दादा खाली बसले. पटका सोडून त्यांनी मांडीवर ठेवला, बराच वेळ त्याच्या घड्या घालत राहिले.

"मंग राहू दे," ते म्हणाले.

या वेळी त्या शब्दाचा अर्थ एकच होता. त्या दिवसानंतर त्यांनी यादीचं नाव काढलं नाही, मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

माझी मुलं ही गोष्ट ऐकली की म्हणतात, आई, तू लहान होतीस. मी सोळा वर्षांची होते. माझ्या वयाच्या मामेबहिणीच्या कडेवर तेव्हा पोर होतं. मुलं म्हणतात, सरकारची चूक, तुझी कशी? सरकारची तर होतीच. एका शब्दावर दहा घरं उठवायची, विचारायचं नाही, सांगायचं नाही, अर्ज घ्यायचा नाही, हे काही माझ्या सल्ल्यानं चाललं नव्हतं. पण सरकारला त्या दिवशी थोडं तरी थबकवेल असं एक नाव कागदावर होतं आणि ते मी काढलं. आणि नंतर मी स्वतः जाऊन सांगू शकत होते. साहेब ओरडला असता, फार तर चार दिवस बसवून ठेवलं असतं. दादांची नोकरी गेली असती. एवढंच होतं. मी रोज सकाळी उठून ठरवायचे की आज जायचं आणि दुपारी ठरवायचे की आता उशीर झाला.

दादांना पक्की नोकरी मिळाली, रुमाल मात्र पहिल्यासारखे घरी माझ्यापुढंच येत राहिले. त्या वर्षी आमच्याकडे सणवार नसतानाही गव्हाच्या पोळ्या झाल्या. माय त्यातल्या चार फडक्यात बांधून खालाकडे द्यायला सांगायची आणि मी धाकट्या भावाला पाठवायचे. खाला मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवून दिवस काढत होती. मी दिसले की हाक मारायची. मी काम आहे म्हणून सटकायचे. त्यांच्या घरचा अभ्यास बंद झाला, खिचडी बंद झाली. काही वर्षांपूर्वी, ते तर्जुमे माझ्या हातचे हे गावभर झाल्यावर, इथल्या एका मंडळानं माझा सत्कार केला, त्या काळात जुन्या कागदपत्रांचं भाषांतर करून राष्ट्रकार्य केलं म्हणून. शाल घातली, नारळ दिला. मी नको म्हणाले नाही. शाल कपाटात आहे, अजून घडी मोडलेली नाही.

मास्तर दीड वर्षानं सुटले. जसे नेले तसेच सोडले, कारण न सांगता. ऐन उन्हाळ्यात दुपारी आमच्या जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. मी बघितलं तर तेच. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटत होता, समोरचे दोन दात नव्हते. दादा कचेरीत गेले होते. मायनं पाणी दिलं आणि ती आत जाऊन रडायला लागली.

"गोदा, एक अर्जी लिवायची हाय," मास्तर म्हणाले. "नोकरीतून नाव काटले माझं. आता अर्जी मराठीत लागती म्हनं. तू लिव, मी बोलतो."

मी कागद घेतला. ते उर्दूत सांगत होते, मी मराठीत उतरवत होते, त्यांनीच शिकवल्यासारखं. शाळेत किती वर्षं शिकवलं ते सांगून झालं. मग पटकीच्या साथीत केलेल्या कामाचा उल्लेख करावा असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी वाक्य सुरू केलं आणि मध्येच थांबले. त्यांना तो शब्द हवा होता आणि तो त्यांना उच्चारता येईना. "जाऊ दे," ते म्हणाले. "ते नको घालू." मी खाली बघून लिहीत होते. मग ते माझ्या हाताकडे बघायला लागले.

"तुझा हरफ तिथं बी पाह्यला मी," ते म्हणाले.

मी बोरू दौतीच्या कडेला टेकवला.

"सहा महिन्यांनी चौकशीच्या कमिटीपुढं उभा केले मला. कागद दाखवले. देखा तो, अरे, हे तं आपल्या गोदाचं लिखाण! साफ, बराबर, कुठं खाडाखोड न्हाई." ते हसले, दात नसल्यानं ते हसणं मला ओळखू आलं नाही. "मंग नावं मोजले. अकरा निघाले. परत मोजले, अकराच. साहेबानं पुछा, इस में और कोई था? मी बोललो, नहीं साहेब, इतनेच थे."

आत मायचं रडणं थांबलं होतं. ती ऐकत असावी.

"मारोतीभाई घाबरला असंल," मास्तर म्हणाले. "उस में क्या है. बालबच्चेवाला मानूस. त्यानं सोताचं नाव काढायला लावलं तुला, बराबर केलं. एक घर तं बचलं. पर त्याला सांगू नको मला म्हाईत हाय म्हनून. उगं शरमिंदा होईल."

दादांनी नाव काढायला लावलं नव्हतं. पटका बांधून, एका पायात जोडा घालून ते स्वतःला धरून द्यायला निघाले होते. जगात हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ते माझ्यासमोर घोंगडीवर बसले होते, हातभर अंतरावर. एक वाक्य होतं. मी ते मनात जुळवलंसुद्धा. मास्तर वाट बघावी तसे माझ्याकडे बघत होते.

मी बोरू दौतीत बुडवला आणि मान खाली घालूनच विचारलं, "मास्तर, पुढं काय लिहू?"